दुर्बिणीने शिकवलेला कॅमेरा

तिला सगळी शेड दुर्बीण म्हणायची. खरं नाव हजेरीपुरतं होतं, आणि हजेरी घेणारा सुपरवायझरसुद्धा एखाद्या सकाळी विसरून "दुर्बीण आली का रे?" असंच विचारायचा. आता हे नाव कुणी चिडवायला ठेवलेलं नव्हतं बरं का. मानाचं होतं. एकदा मालकाकडे पाहुणे आले होते. त्यातल्या एकाला काय लहर आली, त्याने एका सफरचंदाला गुपचूप नखाची खूण केली आणि ते ढिगात सोडून दिलं. पट्ट्यावर ते फळ हिच्यापर्यंत आलं, हिने उचललं, मान वर करून पाहुण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, नखं कापा आधी." मालक पोट धरधरून हसला. पाहुण्याने हात खिशात घातले ते जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत. त्या दिवसापासून ती दुर्बीण झाली.

काम ऐकायला सोपं आहे. ट्रकमधून आलेली सफरचंदं आधी पाण्याच्या हौदात पडतात, तिथून ब्रशांखालून जातात, वाऱ्यावर सुकतात आणि मग पट्ट्यावर येतात. पट्टा म्हणजे एकामागे एक फिरते रोलर. फळ पुढे सरकतं आणि सरकता सरकता स्वतःभोवती गिरक्या घेतं. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टोप्या घातलेल्या बायका उभ्या. डागी दिसलं की उचलायचं आणि बाजूच्या घसरणीत टाकायचं. झालं काम! सोपं वाटतंय ना? मग उभे राहा अर्धा दिवस आणि सांगा. पहिले काही महिने तर घरी जाऊन डोळे मिटले तरी सफरचंदं फिरतच राहतात, जेवणाच्या ताटातही फिरतात.

त्यात या शेडमध्ये माल यायचा तो पिवळ्या सफरचंदांचा. लाल फळावरचा डाग कुणालाही दिसेल हो. पिवळ्यावर सडायला सुरुवात होते तेव्हा नुसती फिकट बदामी छटा उमटते, बोटाच्या पेराएवढी. तेवढी एक सुटली आणि खोक्यात गेली की चार दिवसांत अख्खं खोकं मऊ. त्या फिकट डागांची दुर्बीण राणी होती. नव्या आलेल्या बायकांना तिच्या शेजारी उभं करायचे, शिकायला. ती शिकवायचीही, पण शिव्या घालत. "डोळे कपाळाला लावून आलीस का घरी ठेवून आलीस?" हे तिचं ठरलेलं वाक्य. दुपारच्या चहाला मग त्याच पोरीच्या हातात आपल्यातला अर्धा बिस्किटाचा पुडा कोंबायची.

घरात तीन माणसं. दुर्बीण, तिचा नवरा आणि नवऱ्याची धाकटी बहीण. नवरा बस चालवायचा, आता घरी बसून दुसऱ्यांच्या बसला नावं ठेवायचा. बहिणीला सगळे धाकटी म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी धाकटीच. तिचं तिच्या नवऱ्याशी पटलं नाही, एका पत्र्याच्या ट्रंकेसकट भावाच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा भाऊ नुसता तिच्याकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत राहिला. दुर्बिणीने ट्रंक स्वतः आत ओढली. "राहा," म्हणाली, "पण स्वयंपाकघर माझं." आणि महिन्याभरात तिला शेडमध्ये कामालाही लावलं.

तेव्हापासून या नणंद-भावजयींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं कुणी ऐकलं नाही. मीठ जास्त की कमी, खिडकी उघडी की बंद, पंखा दोनवर की तीनवर. दोघी भांडत घरातून निघायच्या, भांडत शेडच्या फाटकातून आत शिरायच्या, आणि एखादी जरा आजारी पडली की दुसरीला घास गिळायचा नाही. नवरा म्हणायचा, "मी मेलो तरी या दोघी आधी भांडण संपवतील, मग रडतील." खोटं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. दुर्बिणीला दिसेनासं झालं होतं.

एकदम नाही. हळूहळू. आधी दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. मग पांढऱ्या चादरी कितीही धुतल्या तरी पिवळट दिसायला लागल्या, तिने साबण बदलला. दुसरा साबणही तसलाच निघाला, तेव्हा तिला कळलं की दोष साबणाचा नाही. कारण तिच्या आईचं असंच झालं होतं. आधी धूसर, मग आणखी धूसर, आणि मग काहीच नाही. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही. आई पुढची सगळी वर्षं भिंतीला हात लावून चालली. ते वाक्य पुन्हा एकदा कुणाच्या तोंडून ऐकायची दुर्बिणीची छाती नव्हती. म्हणून ती डॉक्टरकडे गेलीच नाही. वेडेपणा? असेल. भीती वाटली की शहाणी माणसंही असंच करतात, तुम्ही आम्ही कोण लागून गेलो!

तिने काय केलं, तर हातमोज्याची दोन बोटं कापली. अंगठा आणि पहिलं बोट. पट्ट्यावरून येणाऱ्या फळांवर बोटं अलगद टेकवत राहायची. जिथे मऊ लागेल ते फळ बाहेर. सुपरवायझरला वाटलं, हिची ही नवी पद्धत असेल. मोजे कापल्याबद्दल दुसऱ्या कुणाला त्याने फाडून खाल्लं असतं, पण दुर्बिणीला कोण बोलणार? बायका आपसात म्हणायच्या, बघा कशी हात फिरवते, लेकरांना गोंजारल्यासारखी. आणि बाद मालाचा हिशेब पूर्वीसारखाच चोख राहिला. दुर्बिणीचं नाव तसंच झळकत राहिलं. तिला स्वतःलाही वाटायला लागलं की चाललंय, बोटं डोळ्यांचं काम करताहेत, कुणाला काही कळणार नाही.

धाकटी तेव्हा तिच्या पुढच्या जागेवर उभी असायची, जिकडे पट्टा वाहत जातो त्या बाजूला. पूर्वी ती टोकाला उभी राहायची. मग कधीतरी मधल्या बाईशी कडाकडा भांडून ही जागा घेतली. कोपर लागतं म्हणून दुर्बीण दिवसभर तिच्यावर करवादायची.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शेडमध्ये कॅमेरा आला.

म्हणजे एक भलीमोठी काळी पेटी. पट्टा तिच्या पोटातून जाणार, आत लख्ख दिवे, प्रत्येक फळाचे चहूबाजूंनी फोटो काढणार, आणि डागी असेल तर पुढे एक छोटा दांडा टुचकन त्याला बाजूला ढकलणार. बरोबर एक इंजिनिअर मुलगी आली. केस आखूड, पायात जाड बूट, बोलणं मऊ. बायकांना वाटलं होतं, आता ही आपल्या पोटावर पाय देणार. पण तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना पेटीच्या आतलं दाखवलं, बायकांनी विचारलेल्या सतरा प्रश्नांची न चिडता उत्तरं दिली, आणि म्हणाली, "हे मशीन अजून कोरं आहे. त्याला सफरचंद म्हणजे काय तेही कळत नाही. कुणीतरी शिकवायला पाहिजे. तुमच्यातलं सगळ्यात चांगलं कोण बघतं?"

हा काय प्रश्न झाला! सगळ्या माना एकीकडे वळल्या. मालक म्हणाला, "अहो मॅडम, आमच्याकडे दुर्बीण आहे."

शिकवायचं म्हणजे ऑफिसच्या शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसायचं. पडद्यावर सफरचंदाचा फोटो येणार. चांगलं असेल तर हिरवं बटण, बाद असेल तर लाल. असे फोटो दाखवत राहायचं आणि मशीन तिच्या उत्तरांवरून शिकत जाणार.

"फळ हातात देणार ना?" दुर्बिणीने विचारलं.

"हातात कशाला, काकू? फोटो आहे की," मुलगी म्हणाली.

इथे. अगदी इथे तिने म्हणायला हवं होतं की मला नाही जमायचं, दुसरं कुणी बघा. शब्द ओठांवर आलेही होते. पण दाराशी सुपरवायझर उभा, मागे बायका डोकावताहेत, मालक कौतुकाने बघतोय. इतक्या वर्षांचं नाव एका "नाही"ने खाली ठेवायचं? आणि नाही म्हटलं तर का म्हणून विचारणारच. ती खुर्चीवर बसली.

काळे डाग, खपल्या, खोक पडलेली, अळीचं भोक असलेली फळं तिला दिसत होती. लाल, लाल, लाल. बाकी सगळं एकसारखं पिवळं, गोल, गुळगुळीत. ती पडद्याला नाक लावायची, मागे सरकायची, एक डोळा मिटायची. एकदा मुलगी बाहेर गेली तेव्हा तिने चक्क पडद्यावरून बोट फिरवलं. काच गार आणि सपाट होती. मग ती हिरवं बटण दाबायला लागली. चांगलं, चांगलं, चांगलं. संध्याकाळी घरी आली की कुणाशी बोलायची नाही. नवऱ्याला वाटलं, बाईसाहेबांना खुर्चीवरच्या कामाची हवा लागली. नवऱ्यांना कधी वेळेवर काय दिसलंय!

कॅमेरा चालू झाला त्या दिवशी मालकाने पेढे नाही पण सगळ्यांना मोठ्या कपातून चहा पाजला. पट्ट्यावरच्या बायका पॅकिंगच्या टेबलांवर गेल्या. धाकटी जुनी म्हणून तिला पॅकिंगची मुख्य केलं. दुर्बिणीला पेटीशेजारी एक उंच स्टूल मिळालं, कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला. ती स्टुलावर बसून राहायची. दांडे टुचटुच वाजायचे, खपलीवाली फळं बाहेर पडायची, मुलगी खूश होऊन म्हणायची, "काकू, किती पटकन शिकलं बघा!" आणि दुर्बीण तोंड दुसरीकडे फिरवायची.

व्हायचं ते झालं. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने ट्रक परत पाठवला. खोकी उघडली तर मऊ, वास सुटलेला. मालक लालबुंद. मुलीने कॅमेऱ्याची काच पुसली, दिवे बदलले, पेटीचा कोपरा न् कोपरा उलगडून पाहिला. बिचारी जेवायलाही जाईना. आणि खरं सांगायचं तर दुर्बिणीला बरं वाटत होतं. निघू दे कॅमेराच खराब. यंत्रच ते, बिघडतं. तिने मनातल्या मनात त्या दिव्यांना, काचेला, वायरींना यथेच्छ शिव्या दिल्या.

दिवे बदलले तरी दुसरा ट्रक परत आला. मग मुलगी म्हणाली, "आपण एक करू. काकूंनी बघितलेलेच फोटो दुसऱ्या कुणाला तरी दाखवू, काकूंचं उत्तर न सांगता. दोघांची उत्तरं जुळली तर शिकवण्यात चूक नाही असं समजू." सुपरवायझरने धाकटीला बोलावलं. सगळ्यात जुनी दुसरी तीच.

धाकटी पडद्यासमोर बसली ती दिवसभर बसली, दुसऱ्याही दिवशी बसली. दुर्बीण स्टुलावर मरणाची धास्ती घेऊन. धाकटीचे डोळे तर चांगले. तिला सगळे डाग दिसणार. आता दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की झालं, सगळं उघडं पडणार.

उत्तरं आली तेव्हा सुपरवायझर खोलीतून जवळजवळ नाचतच बाहेर आला. "हुबेहूब!" तो ओरडला. "नणंद-भावजयींची उत्तरं जुळली. फरक नावाला! म्हणजे शिकवण्यात चूक नाही, कॅमेऱ्यात नाही. फळ इथून चांगलंच जातंय. मार लागतोय तो पॅकिंगमध्ये. आदळत असणार बायका!"

इंजिनिअर मुलगी काहीतरी बोलू पाहत होती. इतकं जुळतं कसं, असं काहीसं. तिचं कुणी ऐकलं नाही. बायका टाळ्या वाजवत होत्या, दुर्बीण-दुर्बीण म्हणत होत्या.

दुर्बीण तेवढी गार पडली होती. मिठावर जिचं आपल्याशी कधी जुळलं नाही, तिचं सफरचंदांवर जुळलं? ज्या फोटोंवर आपण आंधळ्यासारखं हिरवं दाबलं, तिथेच नेमकं तिनेही हिरवं दाबलं? चांगल्या डोळ्यांच्या माणसाला आपल्या चुका इतक्या अचूक करायच्या तर आपल्याला काय दिसत नाही हे आधी पाठ असायला पाहिजे.

जेवणाच्या सुट्टीत दोघी नेहमीच्या जागी, रिकाम्या क्रेटांवर बसल्या.

"ते फिकट डाग तुला दिसले नाहीत?" दुर्बिणीने विचारलं.

"नाही."

"खोटं बोलतेस तू."

"हो," धाकटी म्हणाली. "डबा उघड. गार होतंय."

दुर्बिणीने डबा उघडला नाही. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुला म्हटलं माझा निळा स्वेटर दे, तर तू हिरवा आणून दिलास. वर माझ्याशीच भांडलीस, हाच निळा म्हणून. तेव्हापासून."

"म्हणून ती जागा घेतलीस? माझ्या पुढची?"

"मग काय तुझ्या कोपराची हौस होती मला?" धाकटी घास चावत म्हणाली. "बोटांनी निम्मे पकडायचीस. निम्मे सुटायचे. ते मी उचलायचे. त्यात एवढं काय?"

दुर्बिणीला वाटलं, कुणीतरी कानफटात मारली. ज्या नावावर ती ताठ मानेने चालत होती ते नाव इतके दिवस हिने उचलून धरलं होतं. आणि ती हिलाच "सरक तिकडे" म्हणून डाफरत होती. तिला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तिने तो धाकटीवर काढला. "आणि आता पॅकिंगवर आळ आला त्याचं काय? तुझंच टेबल ते! तुझ्याच डोक्यावर फुटणार!"

"फुटू दे. ट्रेमध्ये फळ एक बाजू वर करून बसून येतं, मला तरी काय दिसणार? उद्या काढलं तर दुसरीकडे बघेन काम. माझे हातपाय धड आहेत. तुला काढलं तर कोण घेणार?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तू गप्प बसायचंस. ऐकतेस का, वहिनी? तोंड उघडायचं नाही."

आणि दुर्बीण गप्प बसली. सगळी दुपार. लपवण्यात काय अर्थ आहे, तिला गप्प बसायचंच होतं. बोलायचं म्हणजे नाव जाणार, काम जाणार, आणि त्याहून मोठं म्हणजे डॉक्टरकडे जावं लागणार, आणि तिथे ते आईचं वाक्य. ती स्टुलावर बसून दांड्यांचा आवाज ऐकत राहिली. घरी गेल्यावर पंखा दोनवर होता की तीनवर यावरून भांडण झालं नाही. नवऱ्याने दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणी वारलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटीला ऑफिसात बोलावलं. काचेतून आतलं दिसत होतं, म्हणजे दुर्बिणीला आकार दिसत होते. मालकाचा रुंद आकार, सुपरवायझरचा हलणारा हात, मुलगी कोपऱ्यात, आणि मधे धाकटी, खाली मान घातलेली. आवाज मात्र स्वच्छ येत होता. जबाबदारी, नुकसान, दोन ट्रक, एवढी वर्षं विश्वास टाकला. "सोमवारपासून नका येऊ," मालक म्हणाला, आणि म्हणताना त्यालाही जड गेलं असावं, कारण त्याने ते दोनदा म्हटलं. धाकटी म्हणाली, "बरं."

ते "बरं" दुर्बिणीला सोसलं नाही. भांडखोर बाई ती, मिठाच्या कणावरून घर डोक्यावर घेणारी, आणि आज नुसतं "बरं"! दुर्बीण स्टुलावरून उतरली, दाराच्या चौकटीला खांदा आपटला, आणि आत गेली.

"हिला काही बोलू नका," ती म्हणाली. "पॅकिंगलाही नको आणि त्या कॅमेऱ्यालाही नको. कॅमेरा चांगला आहे. तो माझ्यावर गेलाय."

"म्हणजे?" मालक.

"मला दिसत नाही. म्हणून त्याला दिसत नाही."

धाकटी ओरडली, "वहिनी!" सुपरवायझर हसायला लागला, दुर्बीण थट्टा करतेय असं वाटून. मग एकटाच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं. इंजिनिअर मुलगी उठली. तिने टेबलावरच्या पडद्यावर एक फोटो मोठा करून लावला आणि हळूच विचारलं, "काकू, यावर काय दिसतंय?"

दुर्बीण पुढे वाकली. तिने खरंच प्रयत्न केला. पिवळं सफरचंद, देठ, खाली सावली.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

बदामी डाग रुपयाएवढा होता. मालकाला दिसत होता, सुपरवायझरला दिसत होता, चहा घेऊन आलेल्या माणसाला दारातून दिसत होता. त्यांच्या गप्प बसण्यावरून दुर्बिणीला कळलं की तिथे काहीतरी आहे. ती ताठ उभी राहिली. नजर खाली घातली नाही.

"तुला सांगितलं होतं ना तोंड उघडू नको म्हणून!" धाकटीचा बांध फुटला. "कधी ऐकशील माझं? एकदा तरी?"

"तू कोण मला सांगणारी?"

"कोण म्हणजे? इतके दिवस कुणी उचलले तुझे डाग?"

"उचलायला सांगितलं होतं मी?"

दोघींची अशी जुंपली की मालकाला टेबलावर पेपरवेट आपटावा लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोज्याची कापलेली बोटं, पट्ट्यावरची जागा, जुळवलेली उत्तरं. मालक बराच वेळ कपाळ चोळत बसला. चिडला होताच, का नाही चिडणार? दोन ट्रक मातीत गेले होते. मुलगी म्हणाली, "चूक माझीही आहे. एकाच माणसाकडून शिकवून घ्यायला नको होतं मी. आणि फोटो काढल्यावर थोडी फळं कापून बघायला हवी होती." मालकाने शेवटी धाकटीला सांगितलं, "तुम्ही बसा पुन्हा पडद्यापुढे. या वेळी खरं बघा." आणि दुर्बिणीकडे न बघता म्हणाला, "तुम्ही आधी डोळे दाखवून या. पुढचं पुढे."

पुढचं पुढे म्हणजे काय, हे विचारायची तिला हिंमत झाली नाही. बाहेर बायका वाट सोडून बाजूला झाल्या. कुणी तिला दुर्बीण म्हणालं नाही. ते तिला हवं होतं की नको होतं, तिलाच सांगता आलं नसतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात ती बाकाची कड घट्ट धरून बसली होती. एका बाजूला नवरा, एका बाजूला धाकटी, पळून जाऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाई घाईच्या होत्या. डोळ्यात प्रकाश टाकला, वर बघा, खाली बघा, आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. चांगलाच पिकलाय. दोन्ही डोळ्यांत. इतके दिवस काय करत होता?"

"माझ्या आईचं..." दुर्बीण म्हणाली. धाकटीने पुढचं सांगितलं.

"आईचं वेगळं असेल. हे काढता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एवढंच! ज्या वाक्याच्या धास्तीने ती इतके दिवस झोपली नव्हती त्याच्या जागी हे एवढंसं वाक्य निघालं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी किती मूर्ख आहे हो!" नवरा म्हणाला, "मी काही म्हटलेलं नाही." आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेवर शहाण्यासारखा बोलला.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने पट्टी काढली, पापणी पुसली आणि सांगितलं, "हळू उघडा."

भिंत पांढरी होती. नुसती पांढरी नाही, डोळे दिपतील इतकी पांढरी. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीचा रंग निळा होता, खराखुरा निळा, असा रंग जगात असतो हे ती विसरूनच गेली होती. समोरच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. ती उठून जवळ आली.

दुर्बिणीने तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. कानांपाशी केस पार पांढरे. गालांवर बारीक बारीक रेघांचं जाळं. डोळ्यांखाली काळं. आणि डोळे लाल, कडा सुजलेल्या, आतल्या शिरा तटतटलेल्या.

"अगं," ती म्हणाली, "तू कधी म्हातारी झालीस?"

"झाले आपली. तुला सांगून व्हायला हवं होतं का?"

"आणि तुझे डोळे असे काय झालेत गं?"

धाकटीने मान फिरवली. "पट्ट्यावर उभं राहून होतातच तसे. सगळ्यांचे होतात."

सगळ्यांचे नव्हते होत. सगळ्या बायका आपापल्यापुरतं बघत होत्या. हिने दिवसाच्या दिवस दोघींचं बघितलं होतं, पापणी न लववता, आणि घरी येऊन पंख्यावरून भांडली होती, दुसरं काही तोंडातून निघू नये म्हणून. इतक्या वर्षांत एकदाही तिने या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नव्हतं, दिसत होतं तेव्हासुद्धा.

"ए! रडायचं नाही!" धाकटी घाबरून म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. डोळ्याला जपायचं आहे."

"मी कुठे रडतेय?"

"मग हे काय आहे?" धाकटीने तिची हनुवटी धरली आणि रुमालाच्या टोकाने डोळ्याला न लावता नुसता गाल पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. पाणी थांबेना. "इकडे तिकडे बघू नको. वर दिवा आहे. माझ्याकडे बघ."

"तुझ्याकडेच बघतेय गं," दुर्बीण म्हणाली. "बघू दे मला."